मायक्रोकोडचे अद्ययावतीकरण आणि लिनक्स प्रणाली : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : जव्हार व मोखाडा तालुके)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा नव्या यंत्रांचा आणि त्यांच्या निर्मात्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. यंत्र विकले गेल्यानंतर त्याच्या दुरुस्तीचे काय होते, ती कोण करतो आणि किती काळ करतो, याकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रोसेसरच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच दुर्लक्षित राहिला. सिलिकॉनच्या तुकड्यावर एकदा कोरलेले मंडल बदलता येत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. १९९५ नंतरच्या इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये आणि पुढे एएमडीच्या प्रोसेसरांमध्येही, कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर काही दोष दूर करण्याची सोय आहे. या सोयीचे साधन म्हणजे मायक्रोकोड. तो प्रोसेसरपर्यंत पोहोचविण्याचे काम संगणकाची मूळ आज्ञावली, म्हणजे बायोस, करते किंवा कार्यप्रणाली करते.

प्रस्तुत लेखात या दुरुस्तीचा इतिहास मुख्यत्वे लिनक्स प्रणालीच्या अनुषंगाने मांडला आहे. जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील दोन आदिवासीबहुल तालुके संदर्भासाठी घेण्यामागे कारण आहे. दुरुस्तीच्या साखळीचे पहिले टोक अमेरिकेतील कंपनीच्या प्रयोगशाळेत असते. शेवटचे टोक कोठे असते, हे अशा तालुक्यांकडे पाहिल्याशिवाय स्पष्ट होत नाही.

संकल्पनेचा उगम

मायक्रोप्रोग्रामिंगची कल्पना केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मँचेस्टर येथील संगणक परिषदेत मांडली. त्यापूर्वी संगणकाचा नियंत्रण विभाग तारा व द्वारांच्या गुंतागुंतीच्या जुळणीतून तयार होत असे, आणि एखादी आज्ञा बदलायची तर जुळणीच बदलावी लागे. विल्क्स यांचा विचार असा की, प्रत्येक आज्ञा ही लहान लहान पायऱ्यांची मालिका मानावी आणि त्या पायऱ्या एका वेगळ्या स्मृतीत लिहून ठेवाव्यात. म्हणजे यंत्राच्या आत आणखी एक छोटे यंत्र असेल, आणि त्याचे वर्तन तारांनी नव्हे तर लेखनाने ठरेल. १९५८ मध्ये कार्यान्वित झालेल्या एडसॅक-२ या यंत्रात ही कल्पना प्रत्यक्षात आली.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेने तिला व्यापारी अधिष्ठान दिले. लहानमोठ्या किमतीची, आतून अगदी वेगळी असलेली यंत्रे एकच आज्ञासंच चालवू शकली, ती मायक्रोकोडमुळे. त्या मालिकेतील मॉडेल ३० मध्ये मायक्रोकोड छिद्रपत्रांच्या आकाराच्या प्लास्टिकच्या पत्रांवर साठविलेला असे. दोष आढळला तर अभियंता नवे पत्र घेऊन येई आणि जुने काढून तेथे बसवी. ‘फर्मवेअर’ हा शब्द १९६७ मध्ये आशर ऑप्लर यांनी वापरात आणला, तोही याच संदर्भात.

पुढची पायरी अधिक रंजक आहे. सिस्टिम/३७० मालिकेतील काही यंत्रांचा मायक्रोकोड लिहिता येण्याजोग्या स्मृतीत ठेवलेला होता. तो वीज गेल्यावर पुसला जाई आणि यंत्र सुरू करताना पुन्हा भरावा लागे. त्यासाठी स्वस्त, टपालाने पाठविता येईल असे साधन हवे होते. त्यातून १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी डिस्क आली. ज्या फ्लॉपीवर भारतातील विद्यार्थ्यांच्या एका संपूर्ण पिढीने आपले प्रकल्प साठविले, ती मुळात मायक्रोकोडची दुरुस्ती वाहून नेण्यासाठी जन्माला आली होती, हे सहसा ध्यानात येत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. तेथे यंत्र घडविणारे आणि दुरुस्त करणारे हात एकच होते. १९६१ मध्ये मुंबईतील एस्सो कंपनीत आयबीएम १४०१ आला, तेव्हा ही दोन कामे प्रथमच दुरावली. यंत्र येथे असे, पण त्याचे ज्ञान निर्मात्याकडे असे. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील कारभार आवरता घेतल्यावर तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी संगणक देखभालीसाठी स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीवर आली. निर्माता निघून गेला तरी यंत्र चालू ठेवावे लागते, हा अनुभव भारताने तेव्हाच घेतला होता. पुढील विवेचनात तो पुन्हा उपयोगी पडेल.

पेंटियमची चूक आणि बदलता मायक्रोकोड

१९९४ साली अमेरिकेतील लिंचबर्ग महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरवर काही भागाकार चुकत असल्याचे आढळले. मूळ संख्यांवरील त्यांच्या संशोधनात उत्तरे जुळत नव्हती. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्यांनी ही गोष्ट इतरांना कळविली, आणि डिसेंबरमध्ये इंटेलला मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याची घोषणा करावी लागली. कंपनीने त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली. एका महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या चिकाटीमुळे हे घडले, ही बाब अध्यापकवर्गाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

नोव्हेंबर १९९५ मध्ये बाजारात आलेल्या पेंटियम प्रोमध्ये मायक्रोकोड बदलण्याची सोय होती. दुरुस्तीचा गठ्ठा २०४८ बाइटचा असे. त्यातील पहिले ४८ बाइट ओळखीचे, म्हणजे कोणत्या प्रोसेसरसाठी, कोणत्या तारखेचा व कितवा. उरलेले २००० बाइट सांकेतिक स्वरूपात बंद. तो गठ्ठा खरा आहे की नाही हे प्रोसेसर स्वतः तपासतो. त्यात नेमके काय आहे हे वापरणाऱ्याला वाचता येत नाही. यातील एक तांत्रिक बारकावा महत्त्वाचा आहे. ही दुरुस्ती प्रोसेसरमध्ये कायमची बसत नाही. वीज गेली की ती नष्ट होते आणि संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी नव्याने भरावी लागते. अर्धशतकापूर्वी सिस्टिम/३७० ची जी स्थिती होती, तीच आजच्या टेबलावरील संगणकाची आहे. फ्लॉपीची जागा मात्र बायोसच्या चिपने किंवा कार्यप्रणालीच्या फाइलीने घेतली.

ही सोय नसती तर काय होते, त्याचे उदाहरण १९९७ मध्येच मिळाले. जुन्या पेंटियममध्ये एक विशिष्ट चुकीची आज्ञा दिली की संपूर्ण संगणक गोठत असे. तेथे मायक्रोकोड बदलता येत नव्हता, म्हणून लिनक्ससह सर्व कार्यप्रणालींना आपल्या कर्नेलमध्येच पळवाट काढावी लागली. प्रोसेसरचे पाप कार्यप्रणालीने फेडण्याची ही पहिली वेळ नव्हती आणि शेवटची तर नव्हतीच.

लिनक्समधील प्रवेश

प्रारंभी मायक्रोकोड भरण्याचे काम केवळ बायोसचे होते. परंतु बायोस मुख्य फलकाच्या उत्पादकाकडून येतो, आणि यंत्र विकल्यानंतर दोन-तीन वर्षांनी तो नवा बायोस देतोच असे नाही. ही अडचण ओळखून तिग्रान आयवाझियान यांनी २००० साली लिनक्स कर्नेलसाठी मायक्रोकोड भरणारा ड्रायव्हर लिहिला. ते त्या वेळी व्हेरिटास या कंपनीत होते. या कंपनीचे एक विकसन केंद्र पुण्यातही होते, हा केवळ योगायोग. इंटेलने मायक्रोकोडची फाइल पुनर्वितरणाची परवानगी देऊन प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, आणि लिनक्सच्या वितरणांनी ती आपल्या संग्रहात घेतली. एएमडीच्या प्रोसेसरांसाठीची सोय २००८ च्या सुमारास आली.

सुरुवातीची पद्धत अशी : संगणक पूर्ण सुरू होई, सेवा चालू होत आणि मग केव्हा तरी मायक्रोकोड भरला जाई. म्हणजे चालत्या बैलगाडीचे चाक बदलण्यासारखा हा प्रकार होता. तो बरीच वर्षे खपला. २०१३ च्या एप्रिलमध्ये आलेल्या कर्नेल ३.९ मध्ये प्रारंभीच, म्हणजे कर्नेल जागा होत असतानाच, मायक्रोकोड भरण्याची व्यवस्था झाली. तिची खरी गरज २०१४ मध्ये पटली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने हॅसवेल कुळातील प्रोसेसरांमधील टीएसएक्स ही आज्ञासुविधा सदोष असल्याचे मान्य केले आणि मायक्रोकोडद्वारे ती बंद केली. चालू असलेले कार्यक्रम त्या आज्ञा आहेत असे गृहीत धरून चालले होते. मध्येच मायक्रोकोड भरला गेला, आज्ञा नाहीशा झाल्या आणि कार्यक्रम कोसळले. दुरुस्तीनेच यंत्र बिघडविल्याचे हे उदाहरण बोलके आहे. अखेर २०२२ च्या जुलैमध्ये आलेल्या कर्नेल ५.१९ मध्ये उशिरा मायक्रोकोड भरण्याची सोय मूलतःच बंद ठेवण्यात आली. ती कोणी मुद्दाम वापरलीच तर कर्नेल स्वतःवर तशी खूण करून ठेवतो.

एक वैचारिक पेच येथे नोंदविणे आवश्यक आहे. लिनक्सचा पाया मुक्तस्रोत आज्ञावलीचा, आणि मायक्रोकोड तर पूर्णपणे बंद. डेबियन या वितरणाने तो अनेक वर्षे मुख्य संग्रहाबाहेर ठेवला. परिणामी साध्या पद्धतीने डेबियन बसविणाऱ्याच्या यंत्रात तो आपोआप येत नसे. जून २०१७ मध्ये स्कायलेक व कॅबी लेक प्रोसेसरांतील एका गंभीर दोषाबद्दल डेबियनच्याच कार्यकर्त्यांनी जाहीर इशारा दिला, तेव्हा ही विसंगती ठळक झाली. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने निर्णय बदलला, आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून असे फर्मवेअर स्वतंत्र विभागात ठेवून स्थापनेच्या वेळीच उपलब्ध करून देण्यात आले. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने या निर्णयाचा संबंध भारतीय वापरकर्त्यांशीही येतो. बंद मायक्रोकोड नाकारणाऱ्यांचा युक्तिवाद तत्त्वतः समजण्यासारखा आहे. परंतु मायक्रोकोड नाकारल्याने प्रोसेसर मुक्त होत नाही. कारखान्यात भरलेला, तितकाच बंद आणि अधिक सदोष मायक्रोकोड त्यात राहतोच.

जानेवारी २०१८

३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले. आधुनिक प्रोसेसर वेळ वाचविण्यासाठी पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच पार पाडतो आणि अंदाज चुकला तर परिणाम पुसून टाकतो. ते पूर्ण पुसले जात नाहीत, मागे राहिलेल्या खुणांवरून दुसऱ्याच्या स्मृतीतील मजकूर वाचता येतो, हे या संशोधनाने दाखवून दिले. मेल्टडाउनवर कर्नेलमध्येच उपाय होता. स्पेक्टरच्या एका प्रकारासाठी मात्र नवा मायक्रोकोड हवा होता. तो घाईने आला आणि ब्रॉडवेल व हॅसवेल कुळातील यंत्रे अवचित पुन्हा सुरू होऊ लागली. २२ जानेवारी रोजी इंटेलने तो वापरू नये असे सांगितले, आणि लिनक्सची वितरणे जुन्या मायक्रोकोडकडे परतली.

या दोन तारखांच्या मध्ये, ८ जानेवारी २०१८ रोजी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘प्रत्युष’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. सुमारे ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा हा क्रे एक्ससी-४० संगणक लिनक्सवर चालणारा आणि ब्रॉडवेल कुळातीलच प्रोसेसरांचा होता. त्या वर्षीच्या जूनपासून देशात १२ किलोमीटर अंतराच्या जाळीवरील हवामान अंदाज सुरू झाला. मोखाड्याच्या डोंगरउतारावर नागली व वरई घेणाऱ्या शेतकऱ्याला प्रोसेसरचे कूळ ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु पेरणीच्या सुमारास त्याच्या कानी पडणारा पावसाचा अंदाज अशा यंत्रांतून निघतो. महासंगणकात एका गणनेला बहुधा संपूर्ण संगणकघटक दिला जातो, त्यामुळे तेथे गुपित फुटण्याचा धोका तुलनेने कमी असतो. अवचित बंद पडणाऱ्या यंत्राचे मोल मात्र तेथेच अधिक असते. दुरुस्ती करावी की थांबावे, याचे उत्तर यंत्रागणिक वेगळे असते ते याचमुळे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने आणखी एक यादी प्रसिद्ध केली. त्यात पेन्रिन, वोल्फडेल, यॉर्कफील्ड, ब्लूमफील्ड आदी कुळांसमोर काम थांबविल्याची नोंद होती. या प्रोसेसरांना स्पेक्टरवरील मायक्रोकोड मिळणार नव्हता. वोल्फडेल म्हणजे २००८ च्या सुमारास आलेले कोअर टू ड्युओ. शहरातील कार्यालयांनी बदललेले आणि शाळा-महाविद्यालयांकडे सरकलेले संगणक ज्या पिढीचे असतात, त्यांपैकी ही एक.

जव्हार व मोखाडा : साखळीचे शेवटचे टोक

जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाचे ठिकाण. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर जव्हार व मोखाडा तालुके त्यात समाविष्ट झाले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांची येथे वस्ती आहे. रेल्वे नाही, घाटरस्ते आहेत, पाऊस मुसळधार आहे. १९९२-९३ मधील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी हा परिसर राज्याच्या नकाशावर आला, ही दुःखद वस्तुस्थिती आहे.

अशा ठिकाणी मायक्रोकोडचा प्रश्न दोन वेगळ्या पातळ्यांवर येतो आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

पहिली पातळी प्रयोगशाळेतील संगणकाची. एका वर्गात पंधरा-वीस विद्यार्थी ज्यावर टंकलेखन शिकतात त्या यंत्रातून स्पेक्टरद्वारे काही चोरीला जाण्याचा संभव अत्यल्प. तेथे महत्त्वाचे असते ते यंत्र चुकीचे उत्तर न देणे आणि न गोठणे. आणि २००७ मध्ये कोअर टू प्रोसेसरांच्या दोषांविषयी ओपनबीएसडीचे थिओ डी राट यांनी केलेली जाहीर तक्रार याच स्वरूपाच्या दोषांबद्दल होती. त्या काळातील मायक्रोकोडच्या दुरुस्त्या लिनक्सच्या संग्रहात आजही मिळतात. बायोसचा उत्पादक केव्हाच विसरला असला तरी एक लहानशी फाइल प्रत्येक सुरुवातीला त्या भरते. पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा गेली तर चारदा भरते. त्यासाठी इंटरनेट सतत असण्याची आवश्यकता नाही. एकदा पेनड्राइव्हवरून आणलेले पॅकेज पुरे होते. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट येथे २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पाची लिनक्सवर चालणारी छोटी यंत्रे आली, त्यांचीही रचना पेनड्राइव्हवरून अद्ययावत करता येईल अशीच होती.

जेथे नवा मायक्रोकोड मिळणारच नाही, तेथे लिनक्स कर्नेलने बरेचसे ओझे स्वतः उचलले. गूगलच्या अभियंत्यांनी सुचविलेली ‘रेटपोलिन’ ही युक्ती कर्नेलचे भाषांतर करतानाच घातक उड्या टाळते. तिला नवा मायक्रोकोड लागत नाही, आणि २८ जानेवारी २०१८ च्या कर्नेल ४.१५ पासून ती उपलब्ध आहे. सीएमसीने आयबीएमची यंत्रे सांभाळली त्याची ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. मात्र किंमत सर्वांना सारखी पडली नाही. मेल्टडाउनवरील उपायाचा वेगावर होणारा परिणाम २०१० नंतरच्या प्रोसेसरांतील एका सुविधेमुळे कमी होतो. कोअर टूमध्ये ती सुविधा नाही. म्हणजे जे यंत्र मुळातच संथ, तेच अधिक संथ झाले. कमी स्मृतीमुळे अशा यंत्रांवर ३२-बिट लिनक्स बसविण्याची प्रथा होती. त्या रूपासाठी मेल्टडाउनवरील उपाय मूळ कर्नेलमध्ये ऑक्टोबर २०१८ च्या ४.१९ आवृत्तीत आला. नऊ महिने उशिरा.

दुसरी पातळी अधिक गंभीर आहे. अंगणवाडीतील बालकाच्या वजनाची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर होते. शिधापत्रिका, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सारे दूरच्या सर्व्हरवर असते. एकाच प्रोसेसरवर अनेकांची माहिती नांदते, आणि स्पेक्टरसारख्या दोषाचा खरा धोका तेथेच असतो. मोखाड्यातील आईच्या हातातील मोबाइल कितीही जुना असो, तिच्या मुलाच्या नोंदीची सुरक्षितता दूरच्या कोण्या यंत्रात आज सकाळी कोणता मायक्रोकोड भरला गेला यावर अंशतः अवलंबून आहे. तो तिला दिसत नाही आणि तिने तो तपासावा अशी अपेक्षाही करता येत नाही. ही जबाबदारी यंत्रणेची आहे, आणि संगणक खरेदीच्या निविदांत प्रोसेसरचा वेग व स्मृती जशी नमूद होते तशी दुरुस्तीची मुदतही नमूद व्हावयास हवी.

ही मुदत का महत्त्वाची, हे २०२३ नंतरच्या घटनांवरून दिसते. त्या वर्षी जुलैमध्ये एएमडीवरील ‘झेनब्लीड’ आणि ऑगस्टमध्ये इंटेलवरील ‘डाउनफॉल’ हे दोष जाहीर झाले. दोहोंवर उपाय मायक्रोकोडचाच. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अतिरिक्त विद्युत्दाबाने झिजत असल्याचे निष्पन्न झाले, आणि ती झीज थांबविण्यासाठी ऑगस्टमध्ये मायक्रोकोड आला. झालेली झीज मात्र तो भरून काढू शकत नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एएमडीच्या मायक्रोकोडची सत्यता तपासण्याची पद्धतच कच्ची असल्याचे दाखविले. त्यात वापरलेली किल्ली अमेरिकी मानक संस्थेच्या जाहीर दस्तऐवजातील नमुन्याची किल्ली होती. संशोधकांनी स्वतःचा मायक्रोकोड भरून, यादृच्छिक संख्या देणाऱ्या आज्ञेकडून दर वेळी ४ हेच उत्तर मिळविले. लिनक्स कर्नेलने त्यावर मान्य दुरुस्त्यांच्या अंकखुणांची यादी स्वतःकडे ठेवली आणि यादीबाहेरचा गठ्ठा नाकारण्यास प्रारंभ केला.

प्रयोगशाळेतील यंत्राची स्थिती पाहण्यास मात्र कोणतीही परवानगी लागत नाही. लिनक्समधील प्रोसेसरच्या माहितीत मायक्रोकोडचा क्रमांक एका ओळीत मिळतो, आणि कोणत्या दोषापासून यंत्र सुरक्षित आहे व कोणत्या नाही, याची यादी कर्नेल २०१८ पासून स्वतः देतो. कोअर टूच्या यंत्रावर ती उघडली की काही ओळींपुढे उपाय योजल्याचे लिहिलेले असते आणि काही ओळींपुढे मायक्रोकोड नसल्याचे.